पहाऱ्याचा हिशेब

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात या देशातील सुशिक्षित वर्ग एका सरकारी आदेशावरून खवळून उठला होता. यापुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी अ‍ॅप आधीच घातलेले असावे, असे केंद्रीय दूरसंचार खात्याने उत्पादक कंपन्यांना फर्माविले होते. हेतू चांगलाच सांगण्यात आला होता. चोरीला गेलेले मोबाईल सापडावेत, बनावट जोडण्या पकडल्या जाव्यात, फसवणुकीला आळा बसावा, इत्यादी. परंतु आपल्या खिशातील यंत्रात सरकारने आपल्याला न विचारता बिऱ्हाड करावे, ही कल्पना लोकांना रुचली नाही. १ डिसेंबरला आदेशाची वार्ता फुटली आणि ३ डिसेंबरला सरकारने सक्ती मागे घेतली. लोकमताचा एवढा त्वरित विजय अलीकडे क्वचितच पाहावयास मिळाला असेल.

या विजयाबद्दल समाधान मानावयास हरकत नाही. तथापि, ज्या घरांतून हा निषेध उमटला त्याच घरांतील मुले रोज सकाळी महाविद्यालयाच्या दारात अंगठा लावून किंवा यंत्राला चेहरा दाखवून आत जातात, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. शाळकरी मुलांच्या ‘अपार’ क्रमांकाचेच पाहा. हा क्रमांक कागदोपत्री ऐच्छिक आहे आणि त्यासाठी पालकांचे संमतिपत्र घ्यावे लागते. परंतु ‘आज किती संमतिपत्रे झाली?’ असा आकडा वर्गशिक्षकाकडून मागविला जाऊ लागला की, त्या ऐच्छिकतेचा अर्थ शिक्षकालाही कळतो आणि पालकालाही. मग एकाच माणसाच्या वागण्यात ही तफावत का? उत्तर फार गूढ नाही. मोबाईलच्या दुकानात आपण गिऱ्हाईक असतो, महाविद्यालयाच्या खिडकीशी आपण अर्जदार असतो. गिऱ्हाईक रागावले तर दुकानदाराला किंमत मोजावी लागते. अर्जदार रागावला तर किंमत त्यालाच मोजावी लागते.

शिक्षकांच्या खोलीत या विषयावर जी मते ऐकू येतात ती ठरावीक आहेत. पहिले मत असे की, ज्याला लपवावयाचे काही नाही त्याने कॅमेऱ्याला भ्यावे कशाला? दुसरे मत थोडे उदास आहे. मोबाईलने आपले सर्वस्व आधीच नेले आहे, आपण कोठे जातो, काय विकत घेतो हे सारे परदेशी कंपन्यांना ठाऊक आहे, मग कॉलेजच्या एका यंत्राने काय बिघडणार? तिसरे मत पालकांचे, आणि तेच सर्वांत वजनदार. मुली सुरक्षित राहिल्या पाहिजेत, बाकीचे नंतर पाहू. ही तिन्ही मते प्रामाणिक आहेत आणि त्यांना प्रामाणिकपणेच उत्तर दिले पाहिजे. परंतु या साऱ्या चर्चेत एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो माझ्या वर्गातील दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारला. सार्वजनिक खर्चाचे प्रकरण चालू होते. वर्गाच्या कोपऱ्यातील कॅमेऱ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, “सर, हे रेकॉर्डिंग पाहतं कोण?” मला उत्तर देता आले नाही. नंतर कार्यालयात चौकशी केली तेव्हा कळले की, तेथेही ते कोणाला नीटसे ठाऊक नव्हते.

लपविण्याचा प्रश्नच नव्हे

‘लपवावयाचे काही नाही’ हा युक्तिवाद केवळ नाक्यावरचा नाही, त्याला विद्वानांचाही आधार आहे. शिकागो विद्यापीठातील रिचर्ड पोस्नर यांनी १९७८ साली असे मांडले की, माणसाचा खासगीपणा म्हणजे बऱ्याच अंशी आपल्या मालातील खोट झाकणाऱ्या विक्रेत्याचा खासगीपणा होय. नोकर धन्यापासून, ऋणको सावकारापासून आपले दोष झाकतो. माहिती उघडी झाली तर व्यवहार अधिक स्वच्छ होतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे क्षणभर पटते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविलेच होते की, एका पक्षाला माहिती अधिक आणि दुसऱ्याला कमी असली म्हणजे बाजार बिघडतो.

परंतु हाच न्याय महाविद्यालयाला लावून पाहावा. येथे माहिती कमी कोणाकडे आहे? विद्यार्थ्याची जात, उत्पन्न, आधार क्रमांक, बोटांचे ठसे, चेहरा, येण्याजाण्याची वेळ हे सारे संस्थेकडे आहे. उलट ठशांची नोंद कोणत्या कंपनीच्या संगणकावर आहे, ठेकेदाराशी करार काय झाला, चित्रण किती दिवस ठेवतात, ते पोलिसांना कोणाच्या सहीने दिले जाते, यांपैकी एकही गोष्ट विद्यार्थ्याला माहीत नसते. म्हणजे पोस्नर यांच्या तर्कानेच चालावयाचे तर उघडे पाडावयास हवे ते संस्थेचे दप्तर. शिवाय बाजारात दोन्ही पक्षांना उठून जाता येते. प्रवेश घेतलेला, फी भरलेला, खोली भाड्याने घेतलेला विद्यार्थी वर्षाच्या मध्यावर कोठे उठून जाणार?

दुसऱ्या, म्हणजे उदास मताचे उत्तरही येथेच आहे. मोबाईलमधील फुकट अ‍ॅप आपली माहिती घेऊन तिच्या जोरावर जाहिराती विकते, हे खरे आहे, आणि ते थांबविले पाहिजे. परंतु तेथे निदान अ‍ॅप काढून टाकण्याचा मार्ग आहे, भले तो गैरसोयीचा असो. दुकानाच्या गल्ल्यावर मोबाईल क्रमांकासाठी अडवणूक करू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये बजावले आणि त्यानंतर अनेक ग्राहक ‘नंबर देणार नाही’ असे म्हणू लागले. हजेरीच्या यंत्रासमोर ‘चेहरा देणार नाही’ असे म्हणणाऱ्याची गैरहजेरी लागते, आणि गैरहजेरीवर परीक्षेचा अर्ज अडतो. चोरट्याने घर धुऊन नेले म्हणून घरमालकाने उरलेसुरले उचलावे, हा न्याय कोणी मान्य करणार नाही.

गंमत अशी की, खासगीपणाच्या हक्काची आधुनिक कल्पनाच एका स्वस्त ग्राहकोपयोगी वस्तूमुळे जन्माला आली. १८८८ साली ईस्टमन यांचा कोडॅक कॅमेरा बाजारात आला आणि कोणालाही कोणाचेही छायाचित्र टिपणे शक्य झाले. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, वॉरेन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी हार्वर्डच्या विधिविषयक नियतकालिकात या हक्काची मांडणी केली. त्यांच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रांबरोबरच ही क्षणचित्रेही होती. त्या काळच्या कोडॅकवाल्याला निदान समोर येऊन उभे राहावे लागे.

दारावरची थाप

आपल्या देशात हा प्रश्न प्रथम आला तो पोलिसांच्या रूपाने. उत्तर प्रदेशातील खडकसिंग नावाच्या गृहस्थावर दरोड्याचा आरोप होता. पुरावा नसल्याने तो सुटला, परंतु पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली. रात्री-अपरात्री शिपाई येऊन दारावर थाप मारीत आणि तो घरात आहे की नाही याची खात्री करून घेत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी रद्द ठरविल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे मानण्यास बहुमताने नकार दिला. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र वेगळे मत नोंदविले. त्या मताला बहुमान मिळण्यास पंचावन्न वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या अर्जावर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने हा हक्क मूलभूत ठरविला. त्यावर बंधन घालावयाचे तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, असे निकष घालून दिले.

या निकषांचा शिक्षणसंस्थांशी थेट संबंध आहे. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयासमोर कोझिकोड जिल्ह्यातील एका बी. ए. च्या विद्यार्थिनीचे प्रकरण आले. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल वापरावयाचा नाही, असा नियम होता. तिने तो मानला नाही म्हणून तिला वसतिगृह सोडावे लागले. इंटरनेट वापरण्याचा अधिकार हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हणून न्यायालयाने तिला परत घेण्यास सांगितले. प्रज्ञावंत वकिलांनी लढविलेल्या घटनात्मक खटल्यांपेक्षा वसतिगृहातील या एका मुलीच्या हट्टाने महाविद्यालयांना अधिक शिकविले, असे मला वाटते. अमेरिकेतही ऑगस्ट २०२२ मध्ये असेच घडले. ओहायोतील एका सरकारी विद्यापीठाने ऑनलाइन परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याला आपली खोली कॅमेऱ्यापुढे फिरवून दाखविण्यास सांगितले होते. ती झडती घटनाबाह्य आहे, असा निर्णय तेथील संघीय न्यायालयाने दिला. करोनाच्या काळात आपल्याकडेही परीक्षा देणाऱ्या मुलांवर त्यांच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यातून नजर ठेवण्यात आली. दोन खोल्यांच्या घरात परीक्षा देणाऱ्या मुलाच्या पाठीमागे त्याचे सारे घर दिसत असे. कोणी न्यायालयात गेले नाही.

कायदा आता झाला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांतील मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची, मुदत देण्यात आली. संमती मुक्त, विशिष्ट, समजून-उमजून दिलेली आणि बिनशर्त असावी, असे हा कायदा म्हणतो. संमतीची मागणी मराठीसह आठव्या परिशिष्टातील भाषांत वाचावयास मिळण्याची सोय असावी, असेही म्हणतो. शब्द चांगले आहेत. परंतु लहान अक्षरे वाचण्याची सवय असलेल्या कारकुनाच्या नजरेने पुढे वाचावे. अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवू नये, असे नवव्या कलमात सांगितले आणि नियमांच्या चौथ्या परिशिष्टात शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामासाठी व मुलांच्या सुरक्षिततेसाठी त्यातून सूट दिली. सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी नोकराची माहिती संमतीशिवाय वापरण्याची मुभा दिली. म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थी एका सवलतीत सापडला आणि त्याचा शिक्षक दुसऱ्या. ‘सुरक्षितता’ या शब्दात काय बसते आणि काय बसत नाही, हे ठरविण्याचे काम बहुधा संस्थाचालकच करणार.

म्हणून सुरक्षिततेचाच विचार केला पाहिजे. पालकांचे तिसरे मत बाजूला सारून या विषयावर बोलणे हा शहाणपणाचा नव्हे तर उर्मटपणाचा प्रकार होईल.

दोन रात्री, एक विद्यापीठ

कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये, एका विद्यार्थिनीच्या विनयभंगाच्या तक्रारीची निःपक्षपाती चौकशी व्हावी म्हणून विद्यार्थ्यांनी कुलगुरूंना घेराव घातला. १६ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर कुलगुरूंनी पोलीस बोलाविले आणि मुलामुलींना मारहाण झाली. त्यातून जे आंदोलन उभे राहिले त्यामुळे जानेवारी २०१५ मध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या विद्यापीठात कॅमेऱ्यांना झालेल्या विरोधाकडे पाहताना ही रात्र विसरता येत नाही. ज्या प्रशासनाने रात्री पोलीस आत आणले त्याच्या हाती आपल्या हालचालींचे चित्रण द्यावयाचे नाही, ही भावना समजण्यासारखी होती.

परंतु दुसरी रात्रही आली. ९ ऑगस्ट २०२३ रोजी प्रथम वर्षाचा सतरा वर्षांचा एक मुलगा रॅगिंगच्या छळानंतर वसतिगृहाच्या सज्जातून खाली पडला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. खेड्यातून आलेला, बंगाली साहित्य शिकावयास आलेला मुलगा. अटक झालेल्यांत शिक्षण संपवूनही वसतिगृहात तळ ठोकून बसलेले माजी विद्यार्थी होते. त्यानंतर सारा देश विचारू लागला की, कॅमेरे का नव्हते? विद्यापीठाने ते बसविले. कॅमेऱ्याला विरोध करणाऱ्यांकडे त्या दिवशी उत्तर नव्हते, हे मान्य केले पाहिजे. स्वातंत्र्याच्या नावाखाली वसतिगृहात वरिष्ठांचे राज्य चालू दिले तर ते स्वातंत्र्य पहिल्या वर्षाच्या मुलाच्या वाट्याला येत नाही.

पण दुसरा प्रश्न देशाने विचारला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत प्रथम वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या वसतिगृहात ठेवावे, वसतिगृहावर पूर्णवेळ अधीक्षक असावा, रात्री फेरी व्हावी, असे लिहिलेले होते. माजी विद्यार्थ्यांना बाहेर काढण्यास कॅमेरा लागत नाही. त्यास लागतो खोल्यांची यादी हातात घेऊन फिरणारा, मुलांना नावाने ओळखणारा आणि दांडगाईला न भिणारा माणूस.

ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच शहरातील आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका तरुण डॉक्टरचा बलात्कार करून खून झाला. तेथे कॅमेरे होते आणि त्यांच्या चित्रणामुळे आरोपीचा माग लागला, ही कॅमेऱ्याच्या बाजूची भक्कम साक्ष होय. परंतु तो आरोपी कोण होता? पोलिसांचा ‘सिव्हिक व्हॉलंटियर’, म्हणजे थोड्या मानधनावर पोलिसांच्या हाताखाली काम करणारा कंत्राटी साहाय्यक. जानेवारी २०२५ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पहाऱ्याच्याच नावाने त्याला त्या इमारतीत मोकळी वाट मिळालेली होती. रात्रपाळीत विसावा घेण्यासाठी त्या डॉक्टरला मात्र सभागृहाशिवाय दुसरी जागा नव्हती.

त्याच महिन्यात आपल्याकडे बदलापूरचे प्रकरण घडले. एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. आरोपी ठेकेदारामार्फत आलेला सफाई कामगार होता. शाळेच्या कॅमेऱ्यांचे पंधरा दिवसांचे चित्रण नाहीसे असल्याचे तत्कालीन शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले. त्यावर २१ ऑगस्ट २०२४ रोजी शासननिर्णय निघाला. त्यात सर्व शाळांनी महिनाभरात कॅमेरे बसवावेत, कर्मचाऱ्यांची पूर्वचौकशी करावी, तक्रारपेटी ठेवावी, सखी-सावित्री समिती नेमावी, असे उपाय होते. यांपैकी विकत मिळण्याजोगा उपाय एकच. ज्या शाळेत चित्रण सापडले नाही तिच्यावरून आपण असा धडा घेतला की, चित्रण करणारी यंत्रे सर्वत्र हवीत.

बहात्तर माणसे

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. समजा, एखाद्या मध्यम आकाराच्या महाविद्यालयात चोवीस कॅमेरे आहेत. प्रत्येकी चोवीस तास, म्हणजे रोजचे ५७६ तासांचे चित्रण. एका माणसाने आठ तास बसून एकच पडदा पाहावयाचा म्हटले तरी त्यास बहात्तर माणसे लागतील. एकाने आठ पडदे पाहावयाचे म्हटले तरी नऊ. ज्या महाविद्यालयात ग्रंथपालाची जागा रिकामी आहे आणि निम्मा वर्ग तासिका तत्त्वावरील प्राध्यापक शिकवितात, तेथे पडदा पाहावयास नऊ माणसे कोण नेमणार? तेव्हा खरे उत्तर असे की, रेकॉर्डिंग कोणी पाहत नाही. ज्याला पाहावेसे वाटेल तो, त्याला वाटेल तेव्हा, त्याला हवा तो तुकडा पाहतो.

साऱ्या प्रश्नाचे मर्म या एका गोष्टीत आहे. कॅमेरा घटना थांबवीत नाही. तो घटनेनंतर उपयोगी पडणारे दप्तर तयार करतो, आणि दप्तराची किल्ली ज्याच्याकडे असते त्याचा शब्द चालतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात ५ जानेवारी २०२० रोजी तोंडे झाकलेल्या टोळीने विद्यार्थ्यांना व शिक्षकांना मारले. त्या दिवशी दुपारी तीन ते रात्री अकरा या वेळेतील मुख्य प्रवेशद्वाराचे सलग चित्रण उपलब्ध नाही, असे उत्तर विद्यापीठाने माहितीच्या अधिकाराखाली दिले. याच्या उलट उदाहरण त्याच शहरातील जामिया मिलियाचे आहे. १५ डिसेंबर २०१९ च्या संध्याकाळी पोलीस ग्रंथालयात शिरले होते. वाचनकक्षात बसलेल्या मुलांवर लाठ्या पडताना दाखविणारे चित्रण दोन महिन्यांनी बाहेर आले, ते विद्यार्थ्यांच्या समितीकडून. आपण ते प्रसिद्ध केलेले नाही, असा खुलासा विद्यापीठाने केला. तेव्हा कॅमेरा हा मुलांचा शत्रूच असतो असे मानण्याचे कारण नाही. एका ठिकाणी तो मुका झाला, दुसऱ्या ठिकाणी त्याने साक्ष दिली. फरक किल्लीचा होता.

मग शिक्षणसंस्था कॅमेऱ्यांवर एवढ्या लोभावल्या का? याचे कारण अर्थसंकल्पाच्या रचनेत आहे. कॅमेरा हा भांडवली खर्च आहे. एकदा निविदा काढली, बिल चुकते केले की संपले. त्याचे छायाचित्र वार्षिक अहवालात छापता येते, नॅकच्या समितीपुढे आकडा ठेवता येतो. वसतिगृहाची अधीक्षिका, रात्रीचा रखवालदार, समुपदेशक हा आवर्ती खर्च आहे. त्यांना दरमहा पगार द्यावा लागतो, महागाई भत्ता द्यावा लागतो, पुढे निवृत्तिवेतनाचा प्रश्न येतो, आणि शासन पदांना मान्यता देत नाही. भांडवल स्वस्त आणि श्रम महाग झाले की कारखानदार यंत्र आणतो, हे आपण पहिल्या वर्षाला शिकवितो. परंतु कारखान्यात यंत्र तेच काम करते. येथे यंत्र दुसरेच काम करते. अधीक्षिकेचे काम होते मुलीची अडचण ओळखणे, यंत्राचे काम आहे तिच्या येण्याची वेळ नोंदविणे. एकाच शीर्षाखाली दोन्ही लिहिल्यामुळे आपली फसगत होते.

जून २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय घेतला, त्याचीही कथा हीच. रोग असा होता की, खासगी शिकवणीवर्गांनी महाविद्यालयांशी संगनमत केले होते. मुले नावापुरती महाविद्यालयात आणि दिवसभर शिकवणीत. शिकवणीच्या बाजाराला हात घालणे कठीण, रिकामी पदे भरणे त्याहून कठीण. अंगठ्याचे यंत्र सोपे. ती ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्था अकरावी-बारावीच्या कोणत्याही पालकाला अपरिचित नाही.

या हिशेबात एक खर्च कोठेच दाखविला जात नाही, तो म्हणजे चित्रण फुटण्याचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्रियांच्या तपासणीची चित्रफीत इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघड झाले. पोलिसांनी धागा ओढला तेव्हा देशभरच्या रुग्णालये, शाळा, कार्यालये यांच्या कॅमेऱ्यांतून चोरलेल्या हजारो फिती हाती आल्या. अटक झालेल्यांत लातूर आणि सांगली जिल्ह्यांतील तरुण होते. त्या रुग्णालयाने कॅमेरे सुरक्षिततेसाठीच बसविले असणार. दूषित पाणी नदीत सोडणाऱ्या कारखान्याप्रमाणे येथेही बचत संस्थेची आणि नुकसान दुसऱ्याचे. पाणी काही वर्षांनी तरी निवळते. पासवर्ड बदलता येतो, बोटाचा ठसा आणि चेहरा जन्मभर बदलता येत नाही.

यावर उपाय म्हणून साऱ्या यंत्रांची तोडफोड करावी, असे कोणी सुचवीत नाही. फाटकावर, जिन्यात, वसतिगृहाच्या प्रवेशद्वारी कॅमेरा असावा. वर्गात आणि वाचनालयात त्याचे काय काम, हे मात्र विचारले पाहिजे. शिकवताना चूक करण्याची आणि विद्यार्थ्याने वेडगळ प्रश्न विचारण्याची जागा म्हणजे वर्ग. कोणी तरी तुकडा कापून पाहील या धास्तीने दोघेही जपून बोलू लागले तर तेथे उरेल ते अभ्यासक्रमाचे वाचन. कॅमेरा बसल्यापासून सरकारी धोरणांवर बोलताना आपण आकडे सांगून थांबतो, मत सांगत नाही, अशी कबुली एका सहकाऱ्याने माझ्याजवळ दिली. त्यांना कोणी ताकीद दिलेली नव्हती. तशी जरूरच पडली नाही.

चित्रण कोणी, केव्हा, कोणत्या कारणासाठी पाहिले याची नोंदवही प्रत्येक महाविद्यालयात ठेवता येईल. रोख रकमेची किर्द आपण पैशा-पैशाने लिहितो. तीस दिवसांनंतर चित्रण पुसावे, तक्रार असेल तेवढेच राखावे. पोलिसांनी मागितले तर लेखी मागणी घ्यावी आणि त्या नोंदवहीतच तिचा क्रमांक टाकावा. हजेरीसाठी ठसा किंवा चेहरा द्यावयाचा नसेल त्यास सहीचा हजेरीपट मोकळा ठेवावा. आणि ही नोंदवही पाहण्याचा अधिकार विद्यार्थ्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीला असावा. येथेच अडचण येते. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात विद्यार्थी मंडळांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद होऊनही त्या वर्षानुवर्षे लांबणीवर पडत राहिल्या. तेव्हा ‘पाहतं कोण?’ हा प्रश्न विचारण्याचे अधिकृत आसनच रिकामे आहे, आणि तो वर्गात सार्वजनिक खर्चाच्या प्रकरणात मधेच विचारावा लागतो.

नोंदवहीची सूचना मी कार्यालयात बोलून दाखविली. वरिष्ठ लिपिकांनी ती मनापासून ऐकली आणि कपाटातून एक कोरे रजिस्टर काढूनही दिले. परंतु पहिल्या पानावर रकाने आखताना ‘पाहणाऱ्याचे नाव व हुद्दा’ या रकान्याशी ते थांबले. यंत्राची चावी आणि पासवर्ड दोन्ही ठेकेदाराच्या मुलाकडे असतात, आणि तो आमच्या मस्टरवर नाही.